गोळी कधी घ्यायची? वय, दिवसाची वेळ आणि उपोसथाचा दिवस

मागच्या वर्षावासातल्या एका पौर्णिमेची गोष्ट. कळंब तालुक्यातल्या एका गावच्या विहारात पंधरा-वीस उपासिका अष्टशील घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळी ग्रंथवाचन चालू असताना सत्तरीच्या एका आजींना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. कुणी म्हणाले बीपी वाढले, कुणी म्हणाले वयच झाले आता. आशाताई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी लगेच साखरेचे पाणी पाजले. वीसेक मिनिटांत आजी सावरल्या.

नंतर चौकशी केली. आजींना मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री अशा दोन वेळच्या गोळ्या चालू आहेत. अष्टशीलामुळे दुपारी बारानंतर त्यांनी काही खाल्ले नव्हते, पण दिवेलागणीला गोळी मात्र घेतली होती. "डॉक्टर म्हणलेत, गोळी चुकवायची नाही," त्या म्हणाल्या.

आजींनी शील पाळले आणि डॉक्टरांचा शब्दही पाळला. या दोन्हींची सांगड कशी घालायची, हे त्यांना कुणीच सांगितले नव्हते. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत आणि घरभेटींत ही अडचण वेगवेगळ्या रूपांत दिसते. औषध बरोबर असते, माणूस ते नेमाने घेतो, पण वय, वेळ आणि जेवण यांचा मेळ बसत नाही. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना याची मूलभूत माहिती असावी म्हणून हा लेख.

पोटात गेलेल्या गोळीचे काय होते?

गोळी जठरात विरघळते आणि पुढे लहान आतड्यात जाते. बहुतेक औषधे तिथूनच रक्तात शोषली जातात. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते. तिथे काही औषधाचे विघटन होते आणि उरलेले शरीरभर फिरते. शेवटी यकृत आणि मूत्रपिंडे मिळून ते बाहेर टाकतात.

गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असले म्हणजे तेवढे सगळे रक्तात पोहोचते असे नाही. पोट भरलेले आहे की रिकामे, सोबत चहा घेतला की दूध, जठरात आम्ल किती आहे, यकृत आणि मूत्रपिंड किती जोमाने काम करतात, यावर ते ठरते. यातल्या काही गोष्टी वयाप्रमाणे बदलतात, काही दिवसाच्या वेळेप्रमाणे.

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाच्या जठरात आम्ल कमी असते आणि पोट सावकाश रिकामे होते. यकृत आणि मूत्रपिंडे अजून पुरती तयार झालेली नसतात. त्यामुळे काही औषधे कमी शोषली जातात, तर काही शरीरात जास्त वेळ साचून राहतात. याउलट एक ते पाच वर्षांच्या मुलांचे यकृत काही औषधे वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षाही लवकर निकामी करते. म्हणून मुलांचा डोस वजनावरून ठरतो. मोठ्यांच्या गोळीचे अर्धे-पाव तुकडे करून तो अंदाजाने काढता येत नाही.

घरात सर्वाधिक घोळ तापाच्या औषधात होतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही दोन वेगळी औषधे समजावीत. थेंबांत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५. थेंबांची बाटली सिरपच्या मापाने पाजली तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. बाटलीसोबत आलेले मापच वापरावे, घरातला चमचा नको. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये, त्यातून यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

उतारवयात औषध शरीरात जास्त काळ थांबते

म्हातारपणी गोळी पोटात शोषलीच जात नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक औषधांचे शोषण वयाने फारसे घटत नाही. बदलते ते पुढचे काम. उतारवयात यकृताचा आकार आणि त्यातून वाहणारे रक्त साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी होते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी ढोबळमानाने आठ-दहा टक्क्यांनी उतरत जाते. शरीरातले पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचे प्रमाण वाढते.

याचा परिणाम समजून घेण्यासाठी डायझेपाम या झोपेसाठी आणि चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचे उदाहरण घेऊ. विशीतल्या माणसाच्या रक्तातले डायझेपाम निम्मे व्हायला सुमारे एक दिवस लागतो. ऐंशीच्या घरात तीन दिवसांहून अधिक लागू शकतो. रोज एक गोळी घेणाऱ्या आजोबांच्या अंगात कालची आणि परवाची गोळीही उरलेली असते. मग सकाळी तोल जातो, न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि घरचे म्हणतात, वयच झाले होते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

- वृद्धांचे स्नायू कमी असल्याने रक्तातले क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' दिसते, तरी मूत्रपिंडे कमजोर असू शकतात. रिपोर्ट दाखवताना रुग्णाचे वय आणि वजन डॉक्टरांना सांगावे.
- ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर जठरातले आम्ल कमी राहते. त्यामुळे लोह, बी-१२ आणि काही प्रकारच्या कॅल्शियमचे शोषण घटते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही बी-१२ ची कमतरता होऊ शकते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी करून घ्यावी.
- तोंड कोरडे पडल्याने गोळी अन्ननलिकेत अडकते. गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये.
- गिळता येत नाही म्हणून घरचे गोळी कुटून देतात. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. गिळण्याची अडचण डॉक्टरांना सांगून वेगळा प्रकार मागावा.

शरीराचे घड्याळ

आपल्या मेंदूत आणि प्रत्येक अवयवाच्या पेशींत चोवीस तासांचे घड्याळ चालू असते. ते पेशींत कसे चालते हे उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या घड्याळाप्रमाणे पहाटे कॉर्टिसोल वाढते, सकाळी रक्तदाब चढतो आणि झोपेत तो साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. जठरातले आम्ल रात्री जास्त पाझरते. सकाळी घेतलेले जेवण जठरातून लवकर पुढे सरकते, रात्रीचे सावकाश. म्हणून काही औषधे सकाळी लवकर शोषली जातात.

पण प्रत्येक औषधाला घड्याळाचा सारखाच फरक पडत नाही. बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा प्रश्न हमखास विचारला जातो. रात्री घेतल्यास हृदयविकार कमी होतो असा दावा काही वर्षांपूर्वी झाला आणि व्हॉट्सॲपवर फिरला. पुढे ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांचा पाच वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला. 'टाइम' या नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांबाबत फरक आढळला नाही. तेव्हा बीपीची गोळी ज्या वेळी रोज न चुकता घेता येईल ती वेळ चांगली. लघवी वाढवणारी गोळी मात्र सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती असते.

नेहमीची औषधे आणि त्यांची वेळ

खालची माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

- थायरॉईडची गोळी: सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहा किंवा नाश्ता नको. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर.
- लोहाची (रक्तवाढीची) गोळी: चहा, दूध आणि कॅल्शियम यांच्यासोबत नको, त्यांनी शोषण बरेच घटते. लिंबूपाण्याबरोबर चांगली शोषली जाते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी.
- कॅल्शियम: जेवणाबरोबर. गरोदर मातांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. दोन्ही एका घोटात घेऊ नयेत, किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.
- मेटफॉर्मिन: जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर. पोटाचा त्रास कमी होतो.
- ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड: जेवणाला जोडूनच. जेवण नसेल तर या गोळ्या साखर धोकादायकरीत्या खाली आणतात. ग्लिबेनक्लामाइड तर वृद्धांना शक्यतो देऊ नये असेच तज्ज्ञ सांगतात.
- पँटोप्राझोल, ओमेप्राझोल: जेवणाच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर घेतल्यास पुरेसा उपयोग होत नाही.
- कोलेस्टेरॉलची गोळी: सिमव्हास्टॅटिन रात्री, कारण यकृत रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवते. ॲटॉर्वास्टॅटिनचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, ती कधीही घेतली तरी चालते.
- स्टिरॉइड (प्रेडनिसोलोन): बहुधा सकाळी, खाऊन. रात्री घेतल्यास झोप उडते. ही गोळी मनाने एकदम बंद करू नये.
- क्षयरोगाच्या गोळ्या: रोज एकाच वेळी, शक्यतो रिकाम्या पोटी. रिफॅम्पिसिन जेवणानंतर कमी शोषले जाते. फार मळमळत असेल तर गोळी न सोडता आरोग्य कर्मचाऱ्याला विचारावे.
- डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन: दूध, कॅल्शियम किंवा लोहासोबत नको.

१-०-१ कुणाच्या दिवसाचे?

चिठ्ठीवर १-०-१ लिहिले जाते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे लिहिताना एक ठराविक दिवस गृहीत धरलेला असतो. सहाला उठणे, आठला नाश्ता, एकला जेवण, रात्री नऊला जेवण, दहाला झोप. आपल्या जिल्ह्यातल्या कितीजणांचा दिवस असा असतो?

धाराशिव जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत दलित, भटके-विमुक्त आणि भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. फडावर पहाटे, अंधार असतानाच कोयता हातात घ्यावा लागतो. पहिली भाकरी नऊ-दहाला मिळते. गाडी रात्री आली तर मोळ्या रात्री भराव्या लागतात. या माणसाची 'सकाळची' गोळी कोणती? पहाटे चारला रिकाम्या पोटी साखरेची गोळी घेऊन तो सहा तास अंगमेहनत करणार असेल, तर फडातच चक्कर येणे ठरलेले.

दुसरा धोका अंगदुखीच्या गोळीचा. पाठ आणि कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेतले जाते. शौचालय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. त्यातच बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंडावर घाला घालतात. उन्हाळ्यात धोका आणखी वाढतो. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये.

गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि नातवंडे. चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, चिठ्ठी इंग्रजीत असते, गोळ्यांचा रंग दर महिन्याला कंपनीप्रमाणे बदलतो. "पांढरी सकाळी, पिवळी रात्री" हा हिशोब मग उलटा होतो. औषधे नीट घेत नाहीत असा ठपका मात्र रुग्णावर येतो. समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा रुग्णाच्या अज्ञानाचा प्रश्न कमी आणि त्याचा दिवस कुणीच विचारला नाही याचा प्रश्न जास्त आहे.

उपोसथ, अष्टशील आणि औषध

अष्टशीलातले सहावे शील विकाल भोजनापासून दूर राहण्याचे. दुपारनंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत आहार नाही. निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना ठरलेले जेवण टाळणे धोक्याचे असते. अनेक उपासिकांना वाटते की आजारपणाची सबब सांगितली तर शील मोडेल. याचे उत्तर विनयातच आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खंधक. भगवंत श्रावस्तीला असताना शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. अन्न पचेना, अंग सुकले, शिरा दिसू लागल्या. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची अनुमती दिली, पण योग्य काळात, म्हणजे मध्यान्हापूर्वी. तरी भिक्खूंची प्रकृती सुधारेना. आनंदांकडून हे कळल्यावर भगवंतांनी नियम बदलला आणि ही औषधे काळी तसेच विकाळी घेण्यास परवानगी दिली.

हा प्रसंग आपल्यासाठी मोलाचा आहे. एकदा केलेला नियम आजारी शरीराला पुरेसा पडत नाही हे दिसताच शास्त्यांनी औषधाची वेळ बदलली. भिक्खूच्या चार मूलभूत गरजांत चीवर, भोजन आणि निवासाबरोबर औषधाचा समावेश आहे. उपासकांनी आजारपणातही अंगावर काढावे, अशी अपेक्षा धम्मात कुठून येईल?

बाबासाहेबांचे उदाहरणही समोर आहे. त्यांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागे. त्यांच्या औषध-पथ्याची काळजी माईसाहेब घेत, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. इतके आजारपण सोसून त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. औषध वेळेवर घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

प्रत्यक्षात काय करावे?

- मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी वर्षावास सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे: "पौर्णिमेला दुपारनंतर मी जेवणार नसेन, तर गोळी किंवा इन्सुलिनचे काय करू?" डोस मनाने कमी करू नये, गोळी मनाने बंदही करू नये.
- डॉक्टरांनी उपवास नको म्हटले तर पंचशील आहेच. उरलेली शीले, ध्यान आणि ग्रंथवाचन तेवढेच सांभाळता येते.
- विहारात साखर किंवा गूळ हाताशी ठेवावा. घाम, थरथर, धडधड, एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून त्या रात्री माणसाला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात दाखवावे.
- शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा.
- धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गोळ्या, चिठ्ठीची प्रत आणि खाण्याचा डबा अंगाजवळच्या पिशवीत ठेवावा. गाडीला उशीर होतो, जेवण लांबते, हे गृहीतच धरावे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

यासाठी निधी लागत नाही, डॉक्टर असावे लागत नाही. रविवारच्या वंदनेनंतरचा एक तास पुरतो.

१. औषध-दिवस घ्या. वस्तीतल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला घरातली सगळी औषधे पिशवीत घालून विहारात आणायला सांगा. मुदत संपलेली बाजूला काढा. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का ते पाहून संबंधितांना डॉक्टरांकडे पाठवा. आपण स्वतः कोणतीही गोळी बंद करू नका.

२. मराठी तक्ता करून द्या. गोळीचे नाव, ती कशासाठी आहे, जेवणाआधी की नंतर. वाचता येत नसेल तर सूर्य, भाकरी आणि चंद्र अशी चित्रे काढा. गोळीच्या रंगावर विसंबू नका.

३. दिवस विचारा आणि तो चिठ्ठीवर लिहून पाठवा: "हे पहाटे ४ ला कामाला जातात, पहिले जेवण १० वाजता." एवढ्या एका ओळीने डॉक्टर वेळ बदलून देऊ शकतात. दिवसातून दोनदाऐवजी एकदा घ्यायची गोळी शक्य आहे का, हेही विचारता येते.

४. ऊसतोडीला जाण्याआधी यादी करा. कोणाला बीपी, साखर, क्षय, मिरगीची औषधे चालू आहेत ते पाहा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून शक्य तितक्या दिवसांचा साठा आणि उपचाराची नोंद असलेले कार्ड मागा. क्षयरुग्णाने आपला निक्षय क्रमांक जवळ ठेवावा, त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतात.

५. एका घरात एक तरुण जबाबदार करा. आजीला फोनवर आठवण करून देणे हे नातवाचे काम. पोरगा पुण्यात कंपनीत असला तरी ते जमते.

महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. कुणाचे काम करत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून निजवले. मग संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा.

कळंबच्या त्या आजींची गोळी आता डॉक्टरांनी बदलून दिली आहे. पौर्णिमेला काय करायचे ते त्यांच्या चिठ्ठीवरच मराठीत लिहिलेले आहे. येत्या आषाढ पौर्णिमेपूर्वी आपल्या विहारातल्या प्रत्येक आजी-आजोबांच्या चिठ्ठीवर अशी एक ओळ असावी, एवढे काम आपण सहज करू शकतो.

नमो बुद्धाय, जय भीम.